एकरभर मातीत जस्त किती?

प्रश्न : सर, माती परीक्षणाचं कार्ड मिळालं. त्यात नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी किलोत दिलंय आणि जस्त मात्र ०.४ पीपीएम. पोरगा म्हणतो, पीपीएम म्हणजे किलोमागं मिलिग्रॅम. त्यानं मोबाईलवर ०.४ मिलिग्रॅमचे टन केले तर ४ई-१० असं काहीतरी आलं. आम्ही ऊस टनानं मोजणारी माणसं. माझ्या एकरभर रानात जस्त आहे तरी किती? आणि दुकानदार एकरी १० किलो झिंक सल्फेट टाका म्हणतोय, ते कशाला?
— एक ऊस उत्पादक, चिकोडी तालुका

उत्तर : मुलानं पीपीएमचा अर्थ बरोबर सांगितलाय, आणि मोबाईलचं उत्तरही बरोबर आहे. ४ई-१० म्हणजे ४ ला दहा वेळा दहानं भागायचं. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम, ग्रॅम, किलो, टन हा हजार-हजाराचा जिना आहे. मिलिग्रॅमवरून टनापर्यंत तीन पायऱ्या, म्हणजे १०० कोटींनी भागायचं. मायक्रोग्रॅमवरून निघालात तर चार पायऱ्या. एका टनात १ लाख कोटी मायक्रोग्रॅम. क्विंटल तेवढा या जिन्यात बसत नाही, कारण तो १०० किलोंचा. आपल्याकडं ऊस टनानं आणि सोयाबीन क्विंटलनं विकलं जातं, तेव्हा हिशेबात बहुतेक वेळा घोटाळा इथंच होतो.

पण तुमच्या प्रश्नाला हे उत्तर उपयोगाचं नाही, कारण मुलानं फक्त वरचं एकक बदललं. किलोमागं मिलिग्रॅम हे प्रमाण आहे. वरचं एकक एक पायरी चढवलं की खालचंही चढवायचं. मग किलोमागं ०.४ मिलिग्रॅम म्हणजेच टनामागं ०.४ ग्रॅम. आकडा तोच राहतो, एकही शून्य मोजावं लागत नाही. हे एवढं मुलाला नक्की समजावून सांगा. पुढं खत, औषध, पाणी, कुठलाही रिपोर्ट हातात आला तरी ते कामाला येईल.

आता माती किती? एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. कार्डासाठी नमुना घेतात तो वरच्या १५ सेंटीमीटरचा, म्हणून सुमारे ६०७ घनमीटर माती धरायची. कोरड्या मातीचा घनमीटर १.३ टनांच्या आसपास भरतो. तुमच्या रानात थोडं कमीजास्त असेल. म्हणजे जवळजवळ ८०० टन माती. टनामागं ०.४ ग्रॅमनं जस्त झालं ३२० ग्रॅम. एकरभर रानात पिकाच्या मुळांना घेता येईल असं जस्त अर्धा किलोसुद्धा नाही! साधारणपणे ०.६ पीपीएमच्या खाली जमीन जस्ताला कमी समजतात. ते झाले ४८० ग्रॅम. तूट १६० ग्रॅमची.

मग १० किलो कशाला? हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. बाजारातल्या नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये जस्त २१ टक्के असतं, म्हणजे १० किलोंत २.१ किलो. तेही तुटीच्या तेरा पट होतंच. पण प्रयोगशाळा मोजते ते मुळांना मिळू शकणारं जस्त, मातीतलं एकूण जस्त त्याहून कितीतरी जास्त असतं. आणि चुनखडीच्या, जास्त सामूच्या काळ्या रानात आपण टाकलेल्यातलं बरंचसं मातीला चिकटून बसतं. म्हणून एकरी १० किलो ही नेहमीची शिफारस आहे, दुकानदार फसवत नाही. शेणखतात मिसळून टाका, सुपर फॉस्फेटबरोबर एकत्र करू नका. दरवर्षी टाकायची गरज नसते. पुन्हा माती तपासून मगच टाका.

प्रश्न : सासूबाईंच्या थायरॉईडच्या गोळीच्या डबीवर ५० एमसीजी लिहिलंय. दुसऱ्या एका कागदावर तीच ०.०५ एमजी. डोस वाढला की काय?
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : नाही, ताई, दोन्ही एकच. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, एमजी म्हणजे मिलिग्रॅम. मधे एकच पायरी, हजाराची. मात्र इथं ती पायरी चुकली तर डोस हजारपट चुकतो. मायक्रोसाठी ग्रीक म्यू अक्षर वापरतात, ते घाईत एमसारखं वाचलं जातं, म्हणून औषधांच्या बाबतीत एमसीजी लिहिणं जास्त सुरक्षित मानतात. घरच्या वहीत तुम्ही ‘५० मायक्रोग्रॅम’ असं पूर्ण अक्षरांत लिहा आणि डॉक्टर बदलले तर तीच वही दाखवा. नुसतं ‘५० ची गोळी’ असं सांगू नका. एक ग्रॅम औषधात ५० मायक्रोग्रॅमच्या २०,००० गोळ्या होतात. रोज एक घेतली तरी ५४ वर्षं पुरतील. हातात जी गोळी दिसते, तिचं जवळजवळ सगळं वजन औषध धरून ठेवणाऱ्या भुकटीचं असतं. त्यामुळं गोळी लहान दिसते की मोठी, यावरून डोस कधीच ठरवू नका.