बजेट वाढलं म्हणून विनोद वाढत नाही

कमी बजेटमध्ये केलेला विनोदी सिनेमा चालला आणि आता जास्त पैशात त्याचा दुसरा भाग करायचा आहे? मग लिखाण सुरू करण्याआधी पहिला भाग आवाज बंद करून बघा. पात्रं कुठे उभी राहतात, एक शॉट किती वेळ चालतो, हे टिपून ठेवा. कमी बजेटमध्ये दिवे-कॅमेरा सारखे हलवायला वेळ नसतो, म्हणून दोन-तीन माणसं एकाच चौकटीत ठेवून लांब शॉट घेतले जातात. हशा तिथूनच येतो: एक बोलत असतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा पडलेला चेहरा दिसतो. पैसा आला की तोच प्रसंग सात-आठ कोनांतून शूट होतो, संकलनात प्रत्येक वाक्याला क्लोज-अप लागतो आणि प्रतिक्रिया अर्धा सेकंद उशिरा पोचते. विनोद तिथेच मरतो.

गाजलेले संवाद पुन्हा वापरायचा मोह होणारच. एखादाच ठेवा, तोही वेगळ्या पात्राच्या तोंडी. नायकाची अडचण मात्र नवीच हवी. पहिल्या भागात कफल्लक असलेला माणूस शेवटी सावरला असेल, तर त्याला पुन्हा कफल्लक करणं ही प्रेक्षकाची चक्क फसवणूक आहे. हातात पैसा आल्यावर त्याची कशी तारांबळ उडते, ते लिहा.

पाहुणे कलाकार आणि चकचकीत लोकेशन्स शेवटी बघा. बहुतेकदा लागतच नाहीत.

कच्चं संकलन झालं की पहिला भाग न पाहिलेल्या दहा-बारा जणांना दाखवा. ते जिथे गप्प बसतील, तिथे प्रसंग जुन्या आठवणीच्या जोरावर उभा आहे. तो कापा, नाहीतर नव्याने लिहा.