उपग्रह असताना बर्फ मोजायला माणसं हिमनदीवर का जातात?

तुमचा प्रश्न रास्त आहे: वरून सगळं दिसतं, मग पाच हजार मीटरवर धापा टाकत जायचं कशाला? मी उपग्रहांच्या चित्रांवरच काम करतो, तरी सांगतो, जावं लागतं. वजनासाठी.

हिमाचलच्या लाहौलमधली छोटा शिग्री ही हिमनदी 2002पासून दरवर्षी मोजली जाते. खालच्या भागात वाफेच्या ड्रिलनं खोल भोकं पाडून बांबू रोवतात आणि उन्हाळा सरला की किती बांबू उघडा पडला ते बघतात. तीन मीटर घट्ट बर्फ गेला, तर साधारण 2.7 मीटर पाणी गेलं. हे सोपं. खरी मेहनत वर, जिथं बर्फ साठतो. गेल्या उन्हाळ्याचा मळकट थर लागेपर्यंत खड्डा खणायचा आणि प्रत्येक थरातला नमुना नळीनं काढून तोलायचा. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतो, मुरलेला 400, पक्का 900. म्हणजे तेच तीन मीटर इथं मुरलेल्या बर्फाचे असले, तर जेमतेम 1.2 मीटर पाणी.

आईससॅट-2 हा उपग्रह (2018) लेझरचे सेकंदाला 10,000 झोत सोडून प्रकाश परतायला लागणाऱ्या वेळेवरून उंची काढतो. अचूकता थक्क करणारी, पण हाती येते ती उंचीच. शिवाय हिमनदी वाहती. एखाद्या जागची उंची न वितळताही बदलते. म्हणून अख्ख्या हिमनदीची बेरीज करायची आणि घनता गृहीत धरायची, बहुधा घनमीटरला 850 किलो. एकेका वर्षाच्या हिशेबाला हे गृहीतक फार ढोबळ पडतं.

वजन करणारे उपग्रहही होते, ग्रेसची जोडी (2002–2017). खालचं वस्तुमान बदललं की दोघांमधलं सुमारे 220 किलोमीटरचं अंतर किंचित बदलायचं, तेच मोजायचं. पण त्यांना शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्रच दिसे, आणि शेजारी पंजाब-हरियाणात उपसलेलं भूजलही त्याच तागडीत! नऊ किलोमीटरची एक हिमनदी त्यातून वेगळी काढणं अशक्य.

अर्थात हिमालयातल्या हजारो हिमनद्यांपैकी बांबू लागले आहेत ते मोजक्याच ठिकाणी, बाकीच्यांसाठी उपग्रहच. ड्रोननं हे काम होईल का, असंही विचारलंय तुम्ही. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानं 2016मध्ये स्पितीत 'हिमांश' हे संशोधन ठाणं उघडलं, तेव्हा ड्रोन आणि लेझर स्कॅनर सोबत होतेच. तपशील अफाट मिळतो, पण तोही पृष्ठभागाचाच.