फॉर्म ७ ची नोटीस आली तर काय करायचं (सोलापूर)

ताई, तुम्ही लिहिलंय की गल्लीतल्या बऱ्याच मुस्लिम घरांना 'यादीतून नाव का काढू नये' अशी नोटीस आलीय, आक्षेप सगळे एकाच माणसाच्या नावावर आहेत आणि ऑफिसात गेलं की नागरिकत्वाचा पुरावा आणा म्हणतायत. मी पूर्वी बीएलओचं (घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचं) काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोंडी काय सांगतील ते ऐकून माघारी येऊ नका. फॉर्म ७ ची, म्हणजे यादीतून नाव काढा असा जो अर्ज कुणीतरी भरलाय त्याची, कॉपी मागा. आक्षेप घेणाऱ्याचं नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत असायला लागतं, आणि माहिती खरी आहे असं तो सही करून देतो, खोटं निघालं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद नाहीतर दंड नाहीतर दोन्ही. त्या माणसाला जाऊन विचारा सुद्धा, बऱ्याचदा त्यालाच पत्ता नसतो. आपल्या शेजारी आळंदला २०२३ च्या कर्नाटक निवडणुकीआधी हेच झालं, ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले नि तपासल्यावर त्यातले खरे निघाले फक्त २४, ज्यांच्या नावानं भरले होते ते म्हणाले आम्ही भरलेच नाहीत.

आता नागरिकत्वाचं. नव्वदीच्या दशकात मुंबई-दिल्लीत अधिकाऱ्यांनीच पोलिसांच्या रिपोर्टवरनं वस्त्याच्या वस्त्यांना 'परदेशी असल्याचा संशय' म्हणून नोटिसा काढल्या होत्या. ते लाल बाबू हुसेन प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९५ ला कोर्टानं सांगितलं की नाव आधीच यादीत आहे म्हणजे तेव्हा चौकशी झालीय असं धरून चालायचं, नाव चुकीचं आहे हे आक्षेप घेणाऱ्यानं दाखवायचं. आपल्या लेखी उत्तरात या प्रकरणाचं नाव घालाच, समोरच्याचा आवाज जरा खाली येतो. (एसआयआर, म्हणजे मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी, चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथं फॉर्म प्रत्येकालाच भरावा लागतो, तो आधी भरा.)

आणि एक, सगळंच कारस्थान नसतं ओ. विडी कामगार बाई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, बीएलओ आला, घराला कुलूप, शेजारचा म्हणाला 'ते कुंभारीला राहायला गेले', की पडला शेरा स्थलांतरित म्हणून. असं आमच्या पद्मशाली गल्लीत पण होतंय. खरंच घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरा, भांडत बसू नका. पण एकाच समाजाच्या घरांवर एका झटक्यात अर्ज पडतात तेव्हा तो योगायोग नसतो हे मी तरी सरळ सांगतो.

सुनावणीला प्रत्येकानं स्वतः जायचं. रोज बुडतो, मान्य आहे, आणि हे करणाऱ्यांचा हिशेबच त्यावर असतो की हातावर पोट असलेला माणूस कामाच्या दिवशी येणार नाही. मतदार कार्ड, लाइट बिल, रेशन कार्ड, जुन्या यादीतलं पान, जे असेल ते झेरॉक्स करून द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ऐकून न घेता नाव काढता येत नाही, १९५० च्याच कायद्याचं कलम २२ तेच सांगतं. तरी काढलंच तर १५ दिवसांत कलेक्टरकडे अपील, तिथंही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे.

फॉर्मवर कारण काय टाकलंय, मयत, स्थलांतरित का परदेशी, तेवढं इथं सांगा, नावं टाकू नका. त्यावरनं उत्तर कसं लिहायचं ते देतो.