जुनी पिनबॉल यंत्रं चालू ठेवणारं आपल्याकडे कोणी असतं का, आणि ते हे कशासाठी करतात?

तुम्ही विचारलंय की साठ-सत्तरच्या दशकातली पिनबॉल यंत्रं, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी चेंडू खेळवायची, ज्यांचे सुटे भाग इथे कधी मिळतच नव्हते, ती दुरुस्त करणारं कोणी महाराष्ट्रात आहे का. आणि ज्यात पैसा नाही अशा कामात माणसं का पडतात.

असे एक गृहस्थ नाशकात होते. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. कामगार त्यांना साहेब म्हणायचे, आम्ही गल्लीतली मुलं काका म्हणायचो. नाव लिहीत नाही, कारण त्यांना स्वतःला ते आवडलं नसतं. आता ते नाहीत. मी डिप्लोमाला असल्यापासून त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात होतो. आज अंबडला पॅनल बनवतो त्यातलं निम्मं शिक्षण तिथलं आहे.

लोक त्यांच्याबद्दल सांगतात ते एवढंच, की ते फुकट दुरुस्त करून द्यायचे. ते खरंच आहे, तारेच्या किमतीपलीकडे त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. पण मला त्यांचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. त्यांच्या हातून गेलेलं यंत्र पुढच्या माणसाला उघडून वाचता यायचं. काय बिघडलं होतं, काय बदललं, कशाच्या जागी काय बसवलं, सगळं आत चिकटवलेलं असायचं, मराठीत, सुवाच्य अक्षरात.

शेडमध्ये तीन यंत्रं होती. गॉटलिब, विल्यम्स आणि बॅली, तिन्ही शिकागोची. एक चोर बाजारातून आलेलं, बाकीची भंगारात निघालेली. पहिली दोन इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे आत एकही चिप नाही. रिले म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, पायरीपायरीने फिरणारी स्टेपर युनिट, गुण मोजणारी चाकं, आणि सगळ्यांना ताल देणारी एक स्कोअर मोटर. चेंडू बंपरला, म्हणजे फळीवरच्या उसळत्या अडथळ्याला धडकतो, एक पत्ती दुसरीला टेकते, रिले ओढला जातो, कॉइल, म्हणजे तारेचा विद्युतचुंबक, चाकाला एक दात पुढे ढकलते आणि घंटी वाजते. हे सगळं डोळ्यांनी दिसतं.

यंत्रं अमेरिकी, म्हणून वीज 115-120 व्होल्ट, 60 सायकल (हर्ट्झ). आपली 230 व्होल्ट, 50 सायकल. व्होल्टेजसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पण सायकल बदलत नाहीत, त्यामुळे स्कोअर मोटर साधारण एक षष्ठांशाने संथ फिरते. काकांनी ते तसंच राहू दिलं होतं. मात्र लोडशेडिंगच्या काळात वीज आली-गेली की व्होल्टेज कुठच्या कुठे जायचं, म्हणून स्टॅबिलायझरशिवाय ते यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत.

आता कॉइलची गोष्ट, कारण त्यांची पद्धत तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. फ्लिपर म्हणजे बटण दाबलं की चेंडू परत वर मारणारा दांडा. त्याच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळणी, असतात. एक जाड तारेचं, जोराचा फटका देणारं. दुसरं बारीक तारेचं, फ्लिपर वर गेल्यावर नुसतं धरून ठेवणारं. फ्लिपर टोकाला पोचला की एक छोटा स्विच उघडतो आणि जोराचं वाइंडिंग एकटं राहत नाही, बारकं त्याच्याशी सिरीजमध्ये येतं, प्रवाह एकदम उतरतो. तो स्विच चिकटला आणि पोराने बटण दाबून धरलं की काही सेकंदांत धूर. लोक कॉइल बदलतात, स्विच तसाच ठेवतात, आणि नवी कॉइलही जळते. काका आधी स्विच बघायचे.

जळलेल्या कॉइलची नवी प्रत मागवायची तर परदेशातून. त्याऐवजी ते सातपूरच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेले. विल्यम्सच्या कॉइलवर ए-23-750 असं काहीसं छापलेलं असतं: 23 गेजची, म्हणजे जाडीच्या त्या नंबरची तार, 750 वेढे. वाइंडिंगवाल्याने सरळ तेवीसचं रीळ उचललं.

"भाऊ, थांबा. हा अमेरिकेचा तेवीस आहे."

"साहेब, तेवीस तो तेवीसच ना?"

"मायक्रोमीटर लावून बघा."

अमेरिकी 23 गेज म्हणजे 0.57 मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगवाले जे एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) वापरतात त्यात 23 म्हणजे 0.61. जाड तारेने रोध कमी होतो, प्रवाह वाढतो, शिवाय साडेसातशे वेढे बॉबिनवर मावत नाहीत. आपला 24 नंबर, 0.56, जवळपास तंतोतंत बसतो. भाऊंनी 24 ने गुंडाळलं, व्हार्निश दिलं, आणि काकांनी कॉइलवर चिठ्ठी लावली: दोन्ही गेज, वेढे, मोजलेला रोध, तारीख, आणि खाली वाइंडिंग करणाऱ्याचं नाव. स्वतःचं नाव नाही. भाऊंनी ती चिठ्ठी वाचली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढे मुंबई-पुण्याहून कुणी जळकी कॉइल पाठवली की काका त्यांना थेट भाऊंचाच पत्ता द्यायचे, मध्ये स्वतः राहायचे नाहीत.

बॅलीचं यंत्र सत्तरच्या दशकाच्या शेवटचं, मोटोरोला 6800 प्रोसेसरवर चालणारं. अशा यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचा शत्रू म्हणजे बोर्डावरच डाख देऊन बसवलेली 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती कधीतरी गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. काकांनी आयटीआयच्या दोन मुलांना समोर बसवून काम केलं: बॅटरी काढली, पांढऱ्या व्हिनेगरने क्षार मारला, स्वच्छ पाण्याने धुऊन सुकवलं, खाल्लेल्या रेषांवरून तारा ओढल्या. नवी बॅटरी त्यांनी बोर्डावर बसवलीच नाही, लांब तारेवर बाहेर ठेवली, म्हणजे पुन्हा गळली तरी बोर्ड वाचेल. या बोर्डावर एक बारका लाल दिवा असतो. चालू केल्यावर तो सात वेळा लुकलुकला तर बोर्ड ठीक. मध्येच थांबला तर कितव्या लुकलुकीला थांबला यावरून बिघाड कुठे ते कळतं. त्या दिवशी सहावर थांबला. काकांनी उत्तर सांगितलं नाही. ड्रॉइंग मुलांपुढे सरकवलं आणि चहा टाकायला आत गेले. मुलांनीच शोधलं.

बारीकसारीक युक्त्या खूप होत्या. सोन्याचा मुलामा असलेल्या स्विचच्या पॉइंटना कानस लावायची नाही, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून दोनदा ओढायची; आपल्या पावसाळ्यानंतर हे दरवर्षी करावं लागतं. मागच्या चित्राच्या काचेमागे 44 नंबरचे दिवे असतील तर 47 लावायचे: दोन्ही 6.3 व्होल्टचे, पण एक पाव अँपिअर खातो, दुसरा 0.15. उष्णता कमी, म्हणून काचेवरचा रंग पोपडे धरत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या डायलमागे असेच दिवे लागायचे, त्यामुळे जुन्या रेडिओवाल्यांकडे ते कधीकधी सापडतात.

गणपतीत ते गॉटलिबचं यंत्र मंडपाशेजारी ठेवायचे. नाणं लागत नसे. मागचं लाकडी दार काढून तिथे ॲक्रिलिकची शीट लावलेली, आणि पोरांची गर्दी पुढच्यापेक्षा मागे जास्त. एका वर्षी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी हरकत घेतली, देवापुढे जुगार नको म्हणून. काकांना राग आला नाही. शंका जुनीच आहे म्हणाले, आणि त्यांना खुर्चीवर बसवून इतिहास सांगितला. 1947 च्या गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'पर्यंत यंत्राला फ्लिपर नव्हते. स्प्रिंग ओढून चेंडू सोडला की फार तर यंत्राला धक्के देता येत, बाकी नशीब. न्यूयॉर्कमध्ये तर 1942 साली महापौर ला गार्डिया यांच्या काळात बंदी आली, यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली. ती उठली 1976 मध्ये. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगर परिषदेच्या समितीपुढे यंत्रावर खेळून दाखवलं, चेंडू कुठल्या मार्गिकेतून जाणार ते आधी सांगितलं, आणि तो तिथूनच गेला. एवढं सांगून काका म्हणाले, "आता तुम्हीच या अण्णा, दोन बटणं दाबून ठरवा." अण्णा त्या रात्री आरतीपर्यंत तिथेच होते.

आता 'कशासाठी'. यावर लोक लगेच बालपणीच्या आठवणी वगैरे म्हणतात, ते इथे लागू नाही. काकांनी पहिलं पिनबॉल पाहिलं तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती, आणि खेळण्यात ते बेताचेच होते. मला जे समजलं ते त्या ड्रॉइंगवरून. जुन्या यंत्राबरोबर सर्किटचा एक भला मोठा कागद येतो, टेबलभर पसरणारा. गॉटलिबच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक रिलेला अक्षर, प्रत्येक पत्ती विश्रांतीच्या स्थितीत काढलेली, तारांचे रंग लिहिलेले. काका त्यावरून बोट फिरवत म्हणायचे, "हे काढणाऱ्याला मी माहीत नव्हतो रे. तरी त्याने माझी सोय पाहिली." शिकागोतल्या कुणा ड्राफ्ट्समनचं हे देणं ते मनापासून मानत होते, आणि त्या चिठ्ठ्या म्हणजे त्याची परतफेड होती, असं माझं मत आहे. त्यांच्या ड्रॉइंगच्या झेरॉक्स नाशकात किती जणांकडे आहेत, मोजता येणार नाही.

तुमच्या प्रश्नावरून वाटतं की तुमच्याकडे एखादं यंत्र पडून आहे. असेल तर प्लग लावू नका. आधी फ्यूज बघा, कुणी तार गुंडाळून ठेवली असेल तर काढा आणि लिहिलेल्या अँपिअरचाच घाला. बोर्डवालं यंत्र असेल तर मागची पेटी उघडून बॅटरीभोवती हिरवट-पांढरं काही आहे का पाहा. असेल तर बॅटरी आजच कापून बाहेर काढा. अशा बॅलीच्या डिस्प्लेला 190 व्होल्टच्या आसपास डीसी जातो, तेव्हा चालू असताना तिथे हात नको. फ्लिपरची कॉइल काळी पडली असेल तर लेबल दिसेल असा फोटो काढून खाली टाका. लेबल जळून गेलं असेल तर तारेचं टोक खरवडून मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि चांगल्या बाजूच्या कॉइलचा रोध कळवा. वेढे मी काढून देतो, आणि सातपूरचे भाऊ अजून गुंडाळतात.