वाचकांचे प्रश्न : चासी नंबरातलं दहावं घर आणि नववं घर

प्रश्न : अमेरिकी बाजारातली एक जुनी गाडी घ्यायची आहे. चासी नंबरातलं दहावं अक्षर ‘एल’, म्हणजे गाडी 2020 ची. विकणारा मात्र 2019 सांगतो. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : बहुधा दोघांचंही. दहावं घर मॉडेल वर्ष सांगतं, गाडी कारखान्यात बनली ते वर्ष नव्हे. तिथे पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच बाहेर पडू लागतं. बनल्याचा महिना आणि वर्ष चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पाहा.

2010 साठी ‘ए’, 2018 ‘जे’, 2019 ‘के’, 2020 ‘एल’, 2023 ‘पी’, 2024 ‘आर’. मधली अक्षरं गळतात, कारण आय, ओ आणि क्यू चासी नंबरात कुठेच वापरत नाहीत. 1 आणि 0 शी गल्लत होते. ही माळ 30 वर्षांनी पुन्हा फिरते, त्यामुळे ‘एल’ म्हणजे 1990 सुद्धा. प्रवासी मोटारीत हा घोळ सातवं घर सोडवतं : तिथे आकडा असेल तर 2010 पूर्वीची, अक्षर असेल तर 2010 किंवा नंतरची.

युरोपसाठी बनलेल्या गाडीला हे गणित लावू नका. तिथे दहाव्या घरात वर्ष घालण्याची सक्ती नाही. काही कंपन्या घालतात, काही नाही.

प्रश्न : त्याच गाडीचा नंबर संगणकावर भरला की ‘अवैध’ असा शेरा येतो. नंबर बनावट असेल का?

उत्तर : आधी आपलंच वाचन तपासा. 5 आणि ‘एस’, 8 आणि ‘बी’ यांत नेहमी फसगत होते. आय किंवा ओ लिहिला असेल तर चूक तिथेच सापडली.

नववं घर पडताळणीचं असतं. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे : ए ते एच 1 ते 8, जे ते एन 1 ते 5, पी 7, आर 9, एस ते झेड 2 ते 9. आकड्याची किंमत तोच आकडा. पहिल्या घरापासून क्रमाने 8, 7, 6, 5, 4, 3, 2, 10, 0, 9, 8, 7, 6, 5, 4, 3, 2 यांनी गुणा, बेरीज करा, 11 ने भागा. उरेल ती बाकी नवव्या घरात हवी. बाकी 10 आली तर तिथे ‘एक्स’. रीत जमली का हे पाहायला सतरा वेळा 1 लिहा : बेरीज 89, बाकी 1, म्हणजे जुळलं.

या चाळणीलाही भोक आहे. बी, के आणि एस तिघांचीही किंमत 2, त्यामुळे त्यांची आपसातली अदलाबदल पकडली जात नाही. आणि हिशेब जुळला म्हणून गाडी निर्धोक ठरत नाही. दुसऱ्या गाडीचा खरा नंबर चिकटवला असेल तरी तो जुळतोच. म्हणून डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसणारा नंबर, दाराचं स्टिकर, सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि कागदपत्रं, सगळीकडे तोच आहे का ते अक्षर-अक्षर लावून पाहा. ठोकलेल्या नंबराभोवती घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.