‘पुरावा अपुरा’ वाचताना

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

आठवडाभर स्त्रियांच्या कर्करोगांवरचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर गोळा करून तपासणारे लेख) वाचलेस आणि बहुतेकांच्या शेवटी ‘पुरावा अपुरा, आणखी संशोधन हवं’ एवढंच हाती लागलं, म्हणून वैतागलीस. वैताग रास्त आहे, पण तो रिव्ह्यूवर काढू नकोस. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? योनिमुखाचा कर्करोग घे. रुग्णच कमी, मग ट्रायल (उपचारांच्या चाचण्या) थोड्या आणि त्याही छोट्या.

निष्कर्षाचं वाक्य वाचून फाइल मिटू नकोस, आकडे बघ. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असताना लिम्फ नोड्स (लसिका ग्रंथी) काढावेत का, यावरच्या कोक्रेन (असे रिव्ह्यू करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) रिव्ह्यूत जगण्याचा हिशेब दोनच ट्रायलवर, १,८५१ स्त्रियांवर उभा आहे. मृत्यूसाठी हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर; १ म्हणजे धोका सारखाच) १.०७, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता मोठी, तो पट्टा) ०.८१ ते १.४३. म्हणजे नोड्स काढल्याने धोका १९ टक्के घटत असेल किंवा ४३ टक्के वाढतही असेल. या आकड्यांत दोन्ही बसतं. ‘फायदा दिसला नाही’ हे खरं. ‘फायदा नसतो हे सिद्ध झालं’ असं मात्र राउंडला म्हणू नकोस (ज्येष्ठ मंडळीही सर्रास म्हणतात). गंमत अशी, की पायांना सूज आणणारा लिम्फिडिमा वाढतो, हे तोच रिव्ह्यू ठामपणे सांगतो. एका प्रश्नाला मुका, दुसऱ्याला बोलका.

याउलट, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत केमो द्यावी, हे २००८च्या मेटा-अ‍ॅनालिसिसने (अनेक ट्रायलचे आकडे एकत्र करून मांडलेला हिशेब) पक्कं केलं, कारण तिथे १८ ट्रायलमधल्या एकेका रुग्णाची मूळ माहिती मागवली होती. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ६० वरून ६६ टक्क्यांवर गेलं.

मला अपुऱ्या पुराव्यापेक्षा जास्त धास्ती वाटते ती घाईच्या खात्रीची. त्याच कर्करोगात दुर्बिणीतून केलेलं रॅडिकल ऑपरेशन पोट उघडून केलेल्याइतकंच सुरक्षित, असं जुन्या नोंदी चाळणारे अभ्यास एकसुरात सांगत होते. मीही ते विद्यार्थ्यांना शिकवलं. मग २०१८ साली ६३१ स्त्रियांची रँडमाइज्ड (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी) ट्रायल आली. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, पोट उघडलेल्या गटात ९६.५.

तुझ्या यादीतले तीन रिव्ह्यू निवड. प्रत्येकात रँडमाइज्ड ट्रायल किती, इंटरव्हल कुठून कुठवर, एवढंच लिहून पाठव. निष्कर्ष आपण भेटीत बोलू.

तुझा,
सर