२०० एमबीपीएसचे कनेक्शन असूनही व्हिडिओ कॉल का अडखळतो? वाय-फाय ७, ५जी किंवा उपग्रहाचे इंटरनेट घेतल्याने फरक पडेल का?

तुम्ही लिहिले आहे की घरच्या ब्रॉडबँडवर स्पीड टेस्ट डाउनलोडला २०० आणि अपलोडला २० एमबीपीएस दाखवते, तरीही व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज तुटतो आणि चित्र गोठते. तेव्हा वाय-फाय ७ चा राऊटर घ्यावा, ५जीवर जावे की उपग्रहाचे इंटरनेट घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते या त्रासाचे मूळ बहुधा वेगात नसून विलंबात आहे. ही तिन्ही तंत्रज्ञाने विलंबाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात, त्यामुळे तुमच्याकडे विलंब नेमका कुठे होतो हे पाहिल्याशिवाय त्यांपैकी कशावरही पैसे खर्च करू नका. मी बरीच वर्षे नेटवर्क उभारणीचे आणि देखभालीचे काम करतो आणि ‘स्पीड भरपूर आहे, पण कॉल नीट होत नाही’ ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे.

एमबीपीएसचा आकडा सेकंदाला किती माहिती वाहू शकते ते सांगतो. एखादे छोटे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, समोर जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात, हे पिंगचा आकडा सांगतो, आणि त्यालाच नेटवर्कवाले लेटन्सी म्हणतात. व्हिडिओ कॉलला साधारण १ ते ३ एमबीपीएस पुरतात आणि नुसत्या आवाजाला त्याहून कितीतरी कमी लागते. मात्र आवाजाचे पॅकेट साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी निघते आणि ते तितक्याच नियमितपणे पोहोचावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांचे संभाषण सहज चालते. तो त्यापुढे वाढत गेला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदमच सुरू करतात. २०० चे ५०० एमबीपीएस केले तरी यात काडीचाही फरक पडत नाही.

माझ्या घरातलेच उदाहरण सांगतो. वडिलांची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट ठरलेली असे, आणि बहुतेक वेळा पहिली पाच-सात मिनिटे नीट गेल्यावर डॉक्टरांना वडिलांचे बोलणे तुटक ऐकू येऊ लागे. वडिलांना मात्र डॉक्टरांचा शब्दन्‌शब्द स्पष्ट ऐकू येई. बिघाड एकाच दिशेने होता, म्हणजे तो अपलोडच्या बाजूला असणार, एवढे त्यावरून कळत होते. पुढच्या भेटीच्या वेळी मी लॅपटॉपवर पिंग चालू ठेवून शेजारी बसलो. आकडे १७, १८, १७ असे येत होते. मग ते १४०, ३९०, ८६० असे चढले आणि तिथेच रेंगाळले. मी आजूबाजूला पाहिले तेव्हा वडिलांचा दुसरा फोन टेबलावर चार्जरला लावलेला दिसला. चार्जिंग सुरू झाल्यावर काही मिनिटांनी तो दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढवायला घेत असे. मी त्या फोनचे वाय-फाय बंद केले आणि दोन-तीन सेकंदांत पिंग पुन्हा १८ वर आला.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. तुमचा अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. बॅकअप जोरात सुरू झाला आणि मोडेमच्या बफरमध्ये (पाठवायची माहिती तात्पुरती थांबते त्या मेमरीत) २ मेगाबाइट, म्हणजे १६ मेगाबिट, साचले, तर त्या रांगेच्या शेवटी येणाऱ्या आवाजाच्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावे लागते. रांगेत पुढे काय आहे याच्याशी मोडेमला देणेघेणे नसते. जो आधी आला तो आधी जातो. स्पीड टेस्ट घेताना मात्र ही रांग दिसत नाही, कारण ती चाचणी फक्त किती माहिती गेली हे मोजते. अलीकडच्या काही चाचण्या भार असतानाचा पिंग वेगळा दाखवतात, त्या वापराव्यात.

या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात आणि त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे शेजारच्या दोन संस्थांमधील दुव्याचा वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटपर्यंत कोसळला होता. त्यानंतर १९८८ मध्ये संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीसाठी, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याच्या मूळ नियमावलीसाठी, गर्दी-नियंत्रणाची पद्धत मांडली : पॅकेट हरवले की वाटेत गर्दी आहे असे समजून पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि पॅकेट हरवू नये म्हणून उपकरणांत मोठमोठे बफर टाकले गेले, त्यामुळे गर्दीची ही सूचना पाठवणाऱ्यापर्यंत फार उशिरा पोहोचू लागली. संगणकतज्ज्ञ जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरातल्या कनेक्शनवर हा प्रकार पाहून त्याचा पिच्छा पुरवला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत दिली, ज्यात रांग किती लांब आहे याऐवजी पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे पाहिले जाते. तिच्यावर बेतलेली ‘एफक्यू-कोडेल’ प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे बॅकअप कितीही मोठा असला तरी कॉलचे छोटे पॅकेट त्याच्या मागे अडकत नाही. ही पद्धत लिनक्स या संगणकप्रणालीत २०१२ पासून आहे आणि अनेक राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एसक्यूएम’ अशा नावाने सापडते. ती चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के ठेवली की रांग मोडेमऐवजी राऊटरमध्ये तयार होते आणि तिथे ती आटोक्यात राहते. आमच्या घरी एवढे केल्यावर बॅकअप चालू असतानाही पिंग २५ च्या वर जात नाही.

येऊ घातलेल्या तंत्रज्ञानांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते तेही याच विषयातले आहे, आणि त्याची जाहिरात जवळजवळ होतच नाही. त्याचे नाव ‘एल४एस’. आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने ते जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. यात रांग लागण्याची पहिली चाहूल लागताच वाटेतले उपकरण पॅकेट टाकून न देता त्यावर खूण करते आणि पाठवणारा ताबडतोब, पण थोडासाच, वेग कमी करतो. त्यामुळे वेग जवळपास पूर्ण मिळतो आणि रांगही वाढत नाही. मात्र फोन, सर्व्हर आणि वाटेतले नेटवर्क या सगळ्यांनी ते स्वीकारल्यावरच त्याचा पूर्ण लाभ दिसेल, म्हणून नवा राऊटर घेताना त्यात हे आहे का, एवढे जरूर विचारा.

आता वाय-फाय ७. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी सामान्यतः एकच उपकरण बोलते. दूरच्या खोलीत दुबळ्या सिग्नलवर असलेला जुना फोन तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ घेतो आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. वाय-फाय ६ ने एकाच वेळी अनेक उपकरणांना चॅनेलचे छोटे तुकडे वाटून देण्याची सोय केली. जानेवारी २०२४ पासून ज्याची प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली त्या वाय-फाय ७ मध्ये राऊटर आणि फोन एकाच वेळी दोन बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर) जोडलेले राहू शकतात, त्यामुळे एका बँडवर गर्दी झाली तर पॅकेट दुसऱ्याने जाते. ही सुधारणा खरी आहे, पण फोनही वाय-फाय ७ चा असेल तरच ती मिळते, आणि ६ गिगाहर्ट्‌झचा नवा बँड भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक तारेने जोडल्यास बाकीच्यांसाठी हवा मोकळी होते. हा उपाय जुना असला तरी मी अजूनही तोच आधी सुचवतो.

५जीच्या बाबतीत ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा फार गाजला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ५जीसाठी जी उद्दिष्टे ठरवली त्यांत तो आहे, पण अतिविश्वसनीय जोडणीसाठी आणि फक्त फोन ते टॉवर एवढ्या रेडिओच्या टप्प्यापुरता. त्यापुढची वाट काचेच्या तंतूतून जाते आणि काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्याचे किमान १० मिलिसेकंद ठरलेलेच आहेत आणि कुठलीही पुढची पिढी ते कमी करू शकणार नाही. म्हणूनच सामग्री वापरणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवण्याला इतके महत्त्व आले आहे. जिथे तार पोहोचत नाही तिथे खिडकीत ठेवलेले ५जीचे उपकरण घरासाठी उत्तम काम देते. तुमच्याकडे मात्र चांगली तार आलेली आहे, आणि टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जात असल्यामुळे गर्दीच्या वेळी तिथला अनुभव तारेपेक्षा बहुधा कमीच स्थिर राहील.

उपग्रहाचेही तसेच आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायलाच सिग्नलला सुमारे पाव सेकंद लागतो आणि प्रश्न-उत्तर मिळून अर्धा सेकंद होतो, म्हणून त्यावर बोलणे अवघड जाई. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे बरेच उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत. तिथे अंतराचा वाटा काही मिलिसेकंदांचा उरतो आणि प्रत्यक्ष पिंग साधारण २५ ते ५० मिलिसेकंद मिळतो, म्हणजे कॉल सहज होतो. पण इतक्या खाली फिरणारा उपग्रह काही मिनिटांतच नजरेआड जातो, अँटेनाला एकामागून एक उपग्रह पकडावा लागतो, आणि मध्ये झाड किंवा इमारत आली की तेवढ्यापुरता खंड पडतो. डोंगरात, समुद्रावर किंवा आपत्तीत तारा तुटल्यावर या सेवेला तोड नाही. नेटवर्क नसताना काही फोनवरून उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवण्याची जी सोय २०२२ पासून आली, तिचे मोलही असेच आहे. तार हाताशी असताना मात्र मी तुम्हाला उपग्रह सुचवणार नाही.

विलंब कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे पॅकेटांच्या जाण्यायेण्याच्या फेऱ्याच कमी करणे, आणि तो तुम्ही बहुधा नकळत रोज वापरता. जुन्या पद्धतीत सुरक्षित पान मागण्यापूर्वी टीसीपी आणि टीएलएस (माहिती गुप्त ठेवणारी पद्धत) मिळून दोन-तीन फेऱ्या जात. २०२१ मध्ये मानक ठरलेल्या ‘क्विक’ या नव्या पद्धतीत ते काम एका फेरीत होते. शिवाय टीसीपी जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून ओळखते, त्यामुळे घराबाहेर पडताच फोन वाय-फायवरून मोबाइल नेटवर्कवर गेला की ती तुटते. क्विक जोडणीला स्वतंत्र ओळख-क्रमांक देते, म्हणून पत्ता बदलला तरी ती चालू राहू शकते.

तुमच्या घरी आता दोन पिंग एकाच वेळी चालू ठेवून पाहा : एक थेट राऊटरच्या पत्त्यावर आणि दुसरा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर. पाच मिनिटे काहीच न करता आकडे पाहा आणि मग एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. राऊटरकडचा पिंग १ ते ५ च्या आसपास राहून फक्त बाहेरचा चढला, तर दोष रांगेचा आहे आणि एसक्यूएमने तो बहुतेक सुटेल. राऊटरकडचाच पिंग उड्या मारत असेल तर दोष वाय-फायचा आहे. त्याच लॅपटॉपला तार लावून पुन्हा मोजा आणि फरक दिसला तर राऊटरची जागा बदला किंवा नवा घ्या. आणि काहीही चालू नसताना, तारेने जोडूनही, बाहेरचा पिंग १०० च्या वर असेल, तर हे आकडे वेळेसह लिहून ठेवून तुमच्या कनेक्शन देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवा, कारण तो दोष घरातले कुठलेही उपकरण बदलून जाणार नाही.